शीळफाटा आणि शहराबाहेरचा एकांत

ठाण्याहून मुंब्र्यामार्गे पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता आणि कल्याणहून महापेकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना भिडतात, तो चौक म्हणजे शीळफाटा. पश्चिमेला पारसिकची डोंगररांग, पूर्वेला मलंगगडाचे सुळके, उत्तरेला खाडी आणि मधल्या सखल पट्ट्यात शीळ, डायघर, पडले, खिडकाळी, देसई ही मूळची आगरी वस्तीची, भातशेतीची गावे. फाट्यावर मुक्कामाला सहसा कोणी येत नाही. इथून लोक पुढे जातात. कोणी पनवेलवरून खोपोली-खंडाळ्याकडे, कोणी बदलापूरवरून नेरळ-कर्जतकडे, कोणी कल्याण ओलांडून मुरबाड-माळशेजकडे. मुंबई-ठाण्यातल्या जोडप्याला गवताने शाकारलेली एकटी झोपडी, समोर तळे आणि हाकेच्या अंतरावर कुणीही नाही, असे दोन दिवस हवे असतील तर त्यांना बऱ्याचदा आधी या चौकातल्या वाहतूककोंडीत अर्धा तास काढावा लागतो. शहराबाहेरच्या एकांताचा हा व्यवहार या मुलखाला नवा नाही. तो निदान दोन हजार वर्षे चालू आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचे सूत्र तेच राहिले आहे: एकांताची जागा रस्त्यामुळे सापडते, आणि रस्ता रुळला की तिथला एकांत संपून ती जागा शहरात जमा होते.

कल्याण हे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले मोठे बंदर होते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ते ‘कल्लिएना’ म्हणून येते, आणि कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या देणग्या कोरलेल्या आहेत. बंदरातला माल नाणेघाटाने जुन्नरला चढे, तसाच बोरघाटाच्या आसपासच्या वाटांनी मावळात जाई. बौद्ध भिक्षूंचे विहार याच वाटांच्या अवतीभवती खोदले गेले. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याचे कोंडाणे, त्याच तालुक्यातले आंबिवली, भिवंडी तालुक्यातले लोनाड ही त्यांतली कल्याणच्या टापूतली लेणी. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहावे असा नियम होता, आणि राहण्याची जागा कशी असावी याचाही दंडक ठरलेला होता. विनयपिटकात राजा बिंबिसार बुद्धासाठी जागा शोधतो ती गावापासून फार लांब नको, फार जवळही नको, जायला-यायला सोपी आणि तरी रात्री शांत, अशी. कोंडाण्याच्या लेण्याला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. भिक्षा घालणारी गावे आणि देणगी देणारे तांडे पल्ल्यात, पण गजबज मात्र डोंगराच्या एका वळणापलीकडे. आज कर्जतच्या आसपास झोपड्या भाड्याने देणाऱ्यांच्या जाहिरातींत स्टेशनापासूनचे अंतर आणि ‘निवांतपणा’ शेजारी-शेजारी छापलेले असतात. त्यांना बिंबिसार ठाऊक नसेल, पण त्यांची गरज तीच आहे.

झोपडी ही मात्र या प्रदेशात एकांताची वस्तू नव्हती. ती कामाची होती. भात निसवले की रानडुकरांपासून आणि पाखरांपासून राखण करण्यासाठी शेतात चार मेढी रोवून माळा उभारत, वर पेंढ्याचे छप्पर घालत. कापणी झाली की माळा मोडून त्याची लाकडे घरी. डोंगराच्या कडेला ठाकूर आणि कातकऱ्यांच्या वाड्या असत. त्यांची घरे कारवीच्या कुडाची, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली आणि गवताने शाकारलेली. कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारे झुडूप. साधारण सात-आठ वर्षांनी ते एकदाच फुलते आणि मग वाळते. त्याच्या सरळ, हलक्या काठ्या भिंतीला उत्तम. या घराला पाया जवळजवळ नसतो. ते दर पावसाळ्याआधी दुरुस्त करायचे आणि काही वर्षांनी नवे बांधायचे. इंग्रजी अमलात, विशेषतः १८७८ च्या वनकायद्यानंतर, जंगलातली कारवी, टहाळ आणि लाकूड यांवर बंधने आली. भाताच्या रोपासाठी राब भाजण्याच्या हक्कावरून ठाणे जिल्ह्यात असंतोष इतका वाढला, की १८८० च्या दशकात सरकारला त्याच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. कुडाचे घर तेव्हापासून बांधणाऱ्यालाच महाग होऊ लागले.

कातकऱ्यांच्या जगण्यात आणखी एक झोपडी असते, तिचा उल्लेख सहलीच्या साहित्यात येत नाही. दिवाळी उलटली की कुटुंबेच्या कुटुंबे आगाऊ उचल घेऊन कल्याण, भिवंडी, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत तिथेच, भट्टीशेजारी कच्च्या विटा रचून केलेल्या खोपीत राहतात. नोव्हेंबर ते मे हा त्यांचा हंगाम, आणि तंबूत हौसेने राहणाऱ्यांचाही नेमका तोच. दोन्ही हंगाम मातीने आणि आभाळाने ठरवलेले असल्यामुळे ते जुळणारच, परंतु एकाच तालुक्यात एकाच महिन्यात दोन तऱ्हेची माणसे दोन तऱ्हेच्या झोपड्यांत उतरलेली असतात, हे नोंदवून ठेवायला हवे.

कापडी मुक्कामाची परंपरा वेगळी. ती सत्तेकडून आली. मुघल बादशहा फिरतीवर निघे तेव्हा डेऱ्यांचे दोन संच असत. एका संचात मुक्काम चालू असताना दुसरा पुढच्या ठिकाणी उभा होई. अशा एका छावणीच्या वाहतुकीसाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत, असा हिशेब ‘आईन-ए-अकबरी’त दिला आहे. पेशव्यांच्या पुण्यात तंबू, कनाती, गालिचे यांची व्यवस्था फरासखान्याकडे असे; ते नाव आज एका पोलीस ठाण्याला उरले आहे. दसरा झाला की सरदार शहराबाहेर डेरेदाखल होत, मग कूच. तंबूतही गादी-तक्क्यांची, नाचगाण्याची, मुदपाकखान्याची सोय असल्याने डेऱ्यातले राहणे हे हाल सोसणे नव्हते. थोरांचा तंबू आणि शिपायाची राहुटी यांत कापडापेक्षा नोकरांचा फरक मोठा असे.

कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी हीच रीत उचलली. पावसाळा संपला की कलेक्टर कचेरी सोडून जिल्ह्याच्या फिरतीवर निघे. पाहणी, जमाबंदीच्या तक्रारी, दावे हे सारे झाडाखाली लावलेल्या तंबूत चाले. इथेही दोन संच असत: रात्री एक बैलगाड्यांवरून पुढे जाई आणि साहेब पहाटे घोड्यावरून पोचेपर्यंत चहासकट तयार असे. खाट, टेबल, अंघोळीची कनात, बावर्ची, मशालजी, भिस्ती असा लवाजमा बरोबर चाले. पुढे आफ्रिकेतल्या शिकारी सफारींनी आणि त्यांच्या नकलेतून आजच्या आलिशान तंबूंनी जी मांडणी उचलली, ती मुळात हिंदुस्थानातल्या फिरत्या कचेरीच्या फार जवळची आहे. आजच्या तंबूतल्या पलंगाशेजारी ठेवलेला पितळी कंदील हा त्या कचेरीचाच वारसा. त्यात आता विजेचा दिवा असतो, एवढेच.

माथेरान सापडले ते अशाच एका फिरतीत. तेव्हा माथेरान, नेरळ, चौक हे सारे ठाणे जिल्ह्यात होते. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांचा तळ चौक गावी पडला होता. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत ते समोरचा डोंगर चढून वर गेले, दाट रान आणि थंड हवा पाहून खूश झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मुक्कामाच्या तयारीने परत आले. पठारावर त्यांनी घर बांधले, ते तिथले पहिले युरोपीय घर. ‘सापडले’ हा शब्द अर्थात मुंबईच्या बाजूने. पठारावर आणि उतारांवर धनगर, ठाकूर, कातकरी आधीपासून होते. पिसरनाथाचे ठाणे होते आणि कलेक्टरांना वर नेणारी पायवाट याच लोकांच्या पायांनी पडलेली होती.

पाच वर्षांनी, १८५५ मध्ये, गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन माथेरानला आले आणि त्यांना जागा आवडली. नेरळहून वर रस्ता करण्याचे काम लागले, गव्हर्नरांसाठी बंगल्याची जागा ठरली, भूखंड पाडले गेले आणि मुंबईच्या इंग्रज आणि पारशी धनिकांनी घरे बांधायला सुरुवात केली. ही घाई एकट्या हवेसाठी नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली होती. १ मे १८५४ रोजी ती ठाण्याच्या खाडीवरचा पूल आणि पारसिकच्या डोंगरातले छोटे बोगदे ओलांडून कल्याणला पोचली, आणि १८५६ मध्ये नेरळवरून खोपोलीपर्यंत गेली. महाबळेश्वरला मुंबईकराला आठवडा मोडावा लागे. माथेरानसाठी शनिवारी निघून सोमवारी कामावर परतता येऊ लागले. साप्ताहिक सुट्टीचा मुक्काम ही कल्पना मुंबईच्या परिसरात रेल्वेच्या वेळापत्रकातून जन्माला आली असे म्हणायला हरकत नाही.

नेरळहून वर जायला घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय. ही अडचण सर आदमजी पीरभॉय या बोहरी उद्योगपतींच्या घराण्याने दूर केली. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये दोन फूट रुंदीच्या रुळांचे काम हाती घेतले, आणि २२ मार्च १९०७ रोजी सुमारे २० किलोमीटरची नेरळ-माथेरान गाडी धावू लागली. उतार कमी ठेवण्यासाठी मार्ग सरळ न नेता डोंगराच्या कडांवरून वळणे देत नेला आहे. त्यामुळे गाडीचा वेग इतका कमी राहिला, की माथेरानचा एकांत रेल्वेनेही पुरता मोडला नाही. पुढे मोटारींना दस्तुरी नाक्यापलीकडे बंदी राहिली, आणि ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. वाहन नाही म्हणून शांतता. पण वाहन नसले की माणसाला माणूस ओढतो. माथेरानच्या हातरिक्षा कित्येक दशके चालल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला विरोधी ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माथेरानच्या मधुचंद्राच्या फोटोंमधून, बाजार ते हॉटेल सामान वाहणारा माणूस बहुतेक वेळा कापलेलाच असतो.

शीळफाट्याचे दिवस यानंतर, मोटारीबरोबर आले. मुंबई-पुणे प्रवास पूर्वी पनवेल बंदरापर्यंत जलमार्गाने आणि पुढे बोरघाटातून होई. मोटारी आल्यावर मुंबईहून पुण्याला किंवा लोणावळ्याला जाणाऱ्यांना ठाणे, कळवा, मुंब्रा, शीळ, पनवेल असा वळसा घ्यावा लागे, कारण ठाण्याच्या खाडीवर दक्षिणेला पूलच नव्हता. वाशीचा पूल १९७३ मध्ये खुला होईपर्यंत पुण्याकडे जाणारी मुंबईची जवळजवळ सगळी मोटारवाहतूक शीळवरून गेली. खंडाळ्याच्या बंगल्यावर जाणारे गिरणीमालक, एस.टी.ने निघालेले चाकरमाने आणि घाट चढण्याआधी रेडिएटरमध्ये पाणी भरून घेणारे ट्रकवाले, सगळ्यांची वाट ही एकच. शिवाय पुढच्या दोन पिढ्यांच्या सहलींचे वाहन जी फियाट, ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा एक कारखानाही कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीजवळ उभा राहिला. कारखाना बंद पडून त्या जमिनीवर आता निवासी मनोरे आले आहेत.

‘कॅम्प’ हा शब्द या पट्ट्याला दुसऱ्या अर्थानेही माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभारली गेली, आणि नेवाळीला विमानतळासाठी जमिनी घेतल्या गेल्या. त्या परत मिळाव्यात म्हणून गावकरी २०१७ मध्येही रस्त्यावर उतरले होते. फाळणीनंतर छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले. जुनी माणसे अजून तिथला पत्ता कॅम्प नंबर १ ते ५ असाच सांगतात.

मध्यमवर्गीय मराठी जोडप्याला एकांत का हवा होता, याचे उत्तर डोंगरात नसून गिरगाव-दादरच्या चाळीत आहे. दहा बाय बाराच्या खोलीत आईवडील, भावंडे, गावाहून शिकायला आलेला पुतण्या, आणि नव्याने आलेली सून. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ (१९७०) या चित्रपटाचा विषयच हा: लग्न झालेल्या दोघांना घरात एकत्र असायला जागा नाही. त्यावरून बासू चटर्जी यांनी १९७२ मध्ये हिंदीत ‘पिया का घर’ केला आणि तो देशभर समजला गेला, कारण ही अडचण एकट्या मुंबईची राहिली नव्हती. त्या काळात एकांत म्हणजे माथेरानच्या लॉजमधली तीन दिवसांची खोली. ती परवडली तर लग्नानंतर एकदा, बाकी जन्मभर अल्बम.

पैसेवाल्यांनी वेगळी वाट काढली: शेतघर, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘फार्महाऊस’. महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४८ याच्या कलम ६३ नुसार महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला सहसा शेतजमीन विकत घेता येत नाही. कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याकडेच राहावी हा त्यामागचा हेतू. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीत राहण्यासाठी मर्यादित आकाराचे घर बांधता येते, आणि त्यासाठी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. शेतकऱ्याच्या सोयीसाठी केलेल्या या तरतुदीच्या आधाराने कर्जत, खालापूर, पनवेल, बदलापूर, मुरबाड या पट्ट्यात आंब्याची वीस कलमे आणि मधोमध पोहण्याचा तलाव अशी ‘शेती’ वाढली. कुठे गावाकडच्या सातबाऱ्यावर आजोबांचे नाव होते म्हणून, कुठे बिगरशेती केलेले तुकडे मिळाले म्हणून. शहरातला माणूस कागदावर शेतकरी झाला आणि जमीन विकलेला शेतकरी त्याच आवारात रखवालदार म्हणून राहिला, ही गोष्ट या तालुक्यांत इतकी सर्रास घडली, की तिच्यावर कुणी फारसे बोलतही नाही.

१९८० च्या दशकात नेरळजवळ मालेगाव इथे याला उलटे वळण मिळाले. अमेरिकेत शिकून आलेले शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी उल्हास नदीकाठच्या आपल्या ‘सगुणा बागे’त पाहुण्यांना शेत दाखवायला, मासेमारी करायला, म्हशीच्या पाठीवर बसायला आणि मुक्कामाला बोलावणे सुरू केले. जमीन शेतकऱ्याचीच राहिली, घरही त्याचेच. विकला गेला तो अनुभव. पुढे बारामती भागात पांडुरंग तावरे यांनी २००५ पासून कृषी पर्यटनाला संस्थेचे रूप दिले, शेतकऱ्यांना प्रशिक्षण दिले, आणि राज्य सरकारने २०२० मध्ये स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ पासून अस्तित्वात होते; गणपतीपुळ्याला त्याने कोकणी झोपडीच्या धर्तीच्या खोल्या उभारल्या, तेव्हा गवती छपराखाली पैसे देऊन झोपायला शहरातली माणसे तयार आहेत हे सरकारी खात्यालाही कळले. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीत काजव्यांच्या हंगामात गावकऱ्यांच्या घरी आणि तंबूत राहण्याची व्यवस्था झाली. तिथे मे-जूनच्या काळोखालाच किंमत आली, कारण मुंबईत काळोख मिळत नाही.

शनिवार-रविवारच्या तंबूंची लाट मात्र पवना धरणाच्या काठी उसळली. धरण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाले. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांचे पुनर्वसनाचे प्रश्न अनेक दशके रेंगाळले. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, हातात मोबाइल आले, आणि २०१० नंतर काठावरच्या उरल्यासुरल्या जमिनीत गावातल्या तरुणांनी तंबू ठोकले. रात्रीचे जेवण, शेकोटी, गिटारवाला, सकाळी पोहे आणि चहा असा ठरलेला क्रम. हे तंबू साधे होते. त्यातून वर चढत आजची झोपडी आली: लाकडी चौथरा, बांबूचा किंवा लोखंडी सांगाडा, जाड कॅनव्हास किंवा गवताची शाकारणी, आत पलंग, लागून स्वच्छतागृह आणि पुढे दोघांपुरता सज्जा. पाया खोदावा लागत नाही, नदीच्या पुराने किंवा परवान्याच्या नोटिशीने जागा सोडावी लागली तर सांगाडा उचलून नेता येतो आणि एका पक्क्या हॉटेलच्या खर्चात अशा कितीतरी झोपड्या उभ्या राहतात, म्हणून ती जमीनमालकाला परवडते. फार्महाऊसच्या मानाने ही रचना जमिनीला कमी जखम करते, पण पाणी टँकरचे, शोषखड्डा झऱ्याच्या वर आणि ध्वनिक्षेपक रात्री एकपर्यंत, असे झाले तर तो फायदा लगेच संपतो. एकांत विकणाऱ्याला दर आठवड्याला एक झोपडी आणखी उभारण्याचा मोह होतो. दहाव्या झोपडीनंतर विकायला काय उरते, हा हिशेब फार कमी जागामालक करतात.

या झोपड्यांचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे तरुण जोडपी, आणि त्यामागे चाळीतल्या जागेच्या टंचाईपेक्षा वेगळे कारण आहे. शहरात आता वन बीएचके आहे, दार लावून घेता येते. पण लग्न न झालेल्या दोघांना अजून बहुतेक घरांत दार नाही, आणि बऱ्याच लॉजमध्येही नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घालून चाळीसेक जोडप्यांना ताब्यात घेतले आणि सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याचे कलम लावले. खोलीचे दार बंद असताना सार्वजनिक ठिकाण कुठले, असा प्रश्न सर्वत्र विचारला गेला आणि पोलिसांवर टीकेची झोड उठली. सज्ञान स्त्री-पुरुषाने एकत्र खोली घेण्यास कुठल्याही कायद्याने मनाई नाही. तरीही आगाऊ पैसे भरून, मोबाइलवर ठिकाण शोधून, समोरच्या काउंटरवर कुणाच्या नजरेला नजर न देता थेट झोपडीशी पोचता येणे, यालाच या व्यवसायात मोल आहे. ओढ्याचा आवाज हा त्यावरचा नफा.

या सगळ्यात शीळफाटा स्वतः शहर झाला. १९६० च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्टा आणि डोंबिवलीत औद्योगिक वसाहती आल्या. १९७० मध्ये सिडको स्थापन होऊन पारसिकच्या पलीकडे नवी मुंबई वसू लागली. शीळ, डायघर, पडले ही गावे ठाणे महापालिकेत आहेत, तर पूर्वेकडची निळजे, काटई, घारिवली यांसारखी २७ गावे १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत गेली, २००२ मध्ये बाहेर पडली आणि २०१५ मध्ये पुन्हा आत आली. आपण गाव आहोत की शहर, हे तीस वर्षांत तीनदा ठरले. दरम्यान निळज्याच्या परिसरात पलावा हे खासगी नगर उभे राहिले, आणि त्याच्या सुरुवातीच्या जाहिरातींचा सूर हिरवाई, तळी आणि मोकळी हवा हाच होता. रस्त्यालगतची खळी जाऊन गोदामे आली, खिडकाळीच्या शिवमंदिरासमोरचे तळे रस्ता रुंदीकरणाच्या कडेला आले. परवडणाऱ्या घराची निकड काय थराला गेली होती, ते ४ एप्रिल २०१३ रोजी शीळजवळच्या लकी कंपाउंडमध्ये दिसले: बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ माणसे दगावली, त्यांतली बरीच त्याच इमारतीत बिऱ्हाड थाटलेली कामगार कुटुंबे होती.

मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचा वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा, ज्याचे ७ किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात, तो शीळफाट्याजवळच वर येतो, आणि ठाण्याचे स्थानक इथून जवळच्या म्हातार्डी परिसरात होत आहे. ऐरोली-काटई मार्ग पारसिकच्या पोटातून आरपार निघाला की मुंबई आणि कल्याण-शीळ रस्ता आणखी जवळ येतील. त्यामुळे झोपड्यांची हद्द पुढे सरकली आहे: बारवी धरणाच्या जंगलालगत, मुरबाड-शहापूरच्या आत आणि कर्जत-खांडसच्या बाजूला. त्या दिशांचेही मार्ग आखून झालेले आहेत. कल्याण-मुरबाड रेल्वे मंजूर आहे, विरार-अलिबाग महामार्ग कल्याण-अंबरनाथच्या अंगाने जाणार आहे, मुंबई महानगर प्रदेशाची हद्द २०१९ मध्ये पेण-खालापूर-अलिबागच्या अंगाला वाढवण्यात आली आहे, आणि पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेच्या दुहेरी मार्गाचे काम हाती घेतले गेले आहे. मॅलेट यांचा तळ ज्या गावी पडला होता ते चौक या मार्गावरचे एक स्थानक आहे, आणि त्याच्या आसपासचे भूखंड ‘लोकल स्टेशनपासून पाच मिनिटे, तरीही निसर्गात’ अशा थाटात विकले जात आहेत.